ढोल काखेत धरायची जागा

घरं बांधायची तर कागदावर आधी काय काढायचं? कुठल्याही आर्किटेक्टला विचारा, तो आधी रस्ता काढतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पाडतो, प्लॉटवर घरं बसवतो, आणि सगळं झाल्यावर कोपऱ्यात जी तिरकी पाचर उरते तिच्यावर हिरवा रंग फासून ‘उद्यान’ असं लिहितो. सानिका पाष्टे नेमकी उलट्या बाजूने सुरू करायची. आधी मोकळी ठेवायची जमीन, मग उरलेल्या तुकड्यात घरं, मग घरांना जोडणारी वाट, आणि हद्दीच्या रेघा अगदी शेवटी. ऑफिसात तिला ‘आधी कळस मग पाया’ म्हणून चिडवायचे. तिला त्याचं फारसं वाटत नसे. ती हट्टी होती, आणि हट्टी माणसाला टोमणासुद्धा पाठिंब्यासारखा लागतो.

आडवण्याच्या खालच्या वाडीला नवी घरं हवी होती ती काही हौसेने नव्हे. वाडीच्या माथ्यावरच्या उताराला दोन पावसाळ्यांपूर्वी भेग पडली. पहिल्या वर्षी तिच्यात काठी जायची, दुसऱ्या वर्षी माणूस जाऊ लागला. सरकारने बेचाळीस घरांना नोटिसा दिल्या आणि वर सड्यावर सत्तर एकर जागा दिली. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा, सपाट कातळ. पावसाळ्यात फुलांनी भरतो, उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, आणि सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणतात. वसाहतीचा नकाशा करायचं काम सडा वसाहत मंडळाकडे आलं. मंडळात सानिका होती, आणि सानिका म्हणजे खालच्या वाडीतल्या अनंत पाष्ट्यांची एकुलती एक मुलगी.

सडा पडीक नसतो, हे तिने वाडीला पहिल्याच सभेत समजावलं. वरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. पाऊस त्यातून खाली झिरपतो, पन्नास-साठ फुटांवर चिकण मातीचा थर लागला की अडतो, आणि त्या मातीवरून आडवा वाहत डोंगराच्या कुशीत कुठेतरी झरा होऊन बाहेर येतो. आडवण्याचा बारमाही पऱ्या हा असाच. चार वाड्या त्याचंच पाणी पितात. सड्यावर बेचाळीस घरं इकडेतिकडे पसरली, अंगणं फरसबंद झाली, तर दगडाची तोंडं बुजतात आणि दहा-पंधरा वर्षांत खालचा पऱ्या आटतो. म्हणून घरं सगळी अकरा एकरांत, भिंतीला भिंत लावून. बाकी एकोणसाठ एकर कायमचे मोकळे.

“आनि मी वाळत काय घालू? तुजा नकाशा?” सुलूकाकी रहाटे उभ्या राहून म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगणात रातांब्याचं झाड, त्याच्याखाली आमसुलं वाळवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. “माजं आंगण मना सोडायला सांगतंस, तर सांग, कोनत्या जागेवर घरं आनि कोनत्या जागेवर नाय, ह्ये कोन ठरवनार? तू?”

“मी नाही, काकी. जमीनच सांगणार.”

आणि तिने दोरी दाखवली. दोरी हे नाव वाडीने ठेवलं. वास्तविक ती केसाएवढ्या जाडीची काचेची तार होती, प्लॅस्टिकच्या वेष्टणात घालून कातळात वीतभर खोल चर पाडून पुरलेली. तारेच्या एका टोकातून सेकंदाला दहा हजार वेळा प्रकाशाचा ठिपका सोडायचा. वाटेत काचेतल्या बारीक दोषांवरून थोडा थोडा प्रकाश मागे परततो. जमीन जराशी थरथरली, तार केसाच्या हजाराव्या भागाइतकी ताणली गेली, तरी परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे दोन किलोमीटर तार हे दोन हजार कान, मीटरामीटराला एक. खाली पाणी हलत असेल तर ते या कानांना ऐकू येतं. दगड भरीव आहे की भेगाळलेला, तेही कळतं. फक्त वरचे आवाज गाळून टाकावे लागतात. वारा, गुरं, मोटरसायकली, असला गोंगाट.

 मग अण्णा उठले. अनंत पाष्टे गावचे ढोलकरी, बोलायला बेताचेच. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि संमतीच्या यंत्रावर पहिला अंगठा ठेवला. त्यांच्यामागून एकेक करत एक्केचाळीस. शेवटचा सुलूकाकींचा होता, तोही ‘अनंताची पोर हाय म्हनून’ असं ऐकवून. मोकळ्या जमिनीवर सानिकाने आणखी एक कुलूप घालून घेतलं होतं. पुढे कोणी तिचा एक गुंठासुद्धा वापरायला काढायचा म्हटलं, तर बेचाळीसच्या बेचाळीस घरांचे अंगठे एकाच दिवशी पडले पाहिजेत. मंत्री आला तरी एक्केचाळिसांवर भागणार नाही. त्या कलमाचा तिला फार अभिमान होता.

त्याला तेरा महिने झाले. जांभ्याच्या भुकटीचे थर देत यंत्रांनी बेचाळीस घरं उभी केली. पाया खणायचा प्रश्नच नव्हता, सड्यावर कातळ हाच पाया. अक्षय तृतीयेला ताबा द्यायचा होता आणि त्याला नऊ दिवस उरले होते. कागद सगळे तयार होते, एक सोडून. जमीन घरं पेलेल अशा अर्थाचा भूमी-दाखला. त्याच्यावर सही सानिकाची. ती तिने मुद्दाम शेवटाला ठेवली होती, कारण सही करण्याआधी प्रत्येक घरापर्यंत चालत जायचं असा तिचा नेम होता.

एकोणतिसाव्या घरासमोर अण्णा उकिडवे बसून तुळशीच्या कुंडीला माती घालत होते.

“अण्णा, तुळस इतक्यात कशाला आणलीत? ताबा मिळायचाय अजून.”

“ताबा मानसाला लागतो. तुळशीला काय करायचाय? तिला मुळं धरायला येळ नको?”

सानिका हसली आणि पायरीवर टेकली. अण्णांनी हात झटकले.

“एक घोळ झालाय बघ,” ते म्हणाले. “यंदा बांधकामामुळं पालखी खालनंच फिरवली. पन म्होरल्या शिमग्याला ती हितं येनार, घरोघर. दारात आली की नाचवायची, आनि नाचवायची तर ढोल पायजे. आनि हितं तर वाजवत नाय. गावकीत ठरवायला लागंल.”

“इथं म्हणजे कुठं?”

“हितंच. सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी नाचवली की आमी पल्याडच्या वाडीत जायला निघतो. ती काळी धोंड दिसते? तिच्यापासनं पार माज्या घराच्या म्हागं, एवढ्या टप्प्यात ढोल काखेत धरायचा आनि गुमान चालायचं. नाचायचं नाय, बोलायचंसुदिक नाय. माज्या बापानं धरला, मी धरला.”

“का पण?”

“जागेचा राखनदार देवचार निजलाय म्हनतात खाली. त्याला उठवायचं नाय.”

“मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कदी इचारलंस? बायकामानसं सहाणेवरनंच म्हागं फिरतात. आनि तुला काय सांगायचं, तुज्या दोरीनं समदं आयकलेलं.”

देवचाराचं ऐकून सानिकाला आधी गंमत वाटली. मग एकदम तिला फरहानाचा प्रश्न आठवला.

फरहाना पटेल ही दोरीची इंजिनियर, मूळची लातूरची. गेल्या वर्षी मार्चमध्ये नोंदी घ्यायला ती आडवण्यात आली तेव्हा नेमका शिमगा चालू होता. लातुरात शिमगा एका दिवसात आटोपतो. कोकणात पालखी पंधरा पंधरा दिवस फिरते, हे तिला कुठून ठाऊक असणार? तिने पडद्यावरची एक पट्टी दाखवून विचारलं होतं, “मॅडम, हा ठोका कसला आहे? ठरावीक अंतराने येतोय.” सानिकाने बघितलंही नव्हतं नीट. लहानपणापासून झोपेतसुद्धा ओळखेल असा ताल. “शिमगा आहे गं. ढोल. गाळून टाक.”

बाहेरच्या गावची कुणी असती तर विचारलं असतं की हा ढोल वाजतोय कुठे. सानिका घरची होती, म्हणून तिने विचारलं नाही.

ती पायरीवरून उठली ती जवळजवळ पळतच. साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये फरहाना डबा खात होती.

“गेल्या मार्चच्या कच्च्या नोंदी आहेत? न गाळलेल्या?”

“आहेत. का हो मॅडम?”

“सहाणेपासून पुढे काढ. दोनशे मीटरांच्या पलीकडे ढोल किती मोठा ऐकू येतो ते बघायचंय.”

फरहानाने डबा बाजूला सारला. पडद्यावर सहाणेपाशी ठोके उंच दिसत होते, कारण तिथे अण्णा खरोखरच वाजवत होते. पुढे अंतराप्रमाणे ते बुटके होत गेले. शंभर मीटरांवर अर्धे, दीडशेवर जेमतेम. असंच व्हायला हवं. काळी धोंड दोनशे दहा मीटरांवर. तिथून ठोके पुन्हा वाढले. सहाणेइतके नाहीत, पण चांगले ठसठशीत, साठ मीटर लांबीच्या पट्ट्यात, आणि प्रत्येक ठोक्यामागे एक लांबलेला हुंकार. पलीकडे परत शांत.

“ढोलकरी चालत पुढे गेले असतील,” फरहाना म्हणाली.

“तिथे ते ढोल काखेत धरतात. तिथे कोणीच वाजवत नाही. पिढ्यान् पिढ्या.”

 मोठ्या रिकाम्या हंड्याजवळ जोरात बोललं तर हंडा आपोआप घुमतो, त्याला कोणी हात लावावा लागत नाही. सहाणेवरच्या ढोलाने साठ मीटर जमीन तशी घुमत होती. म्हणजे खाली पोकळी होती. जांभ्याखालची माती पाणी हळूहळू वाहून नेतं, बोटाएवढं भोक शतकानुशतकं मोठं होत जातं, त्याचं भुयार होतं आणि छत ढासळत ते वर वर सरकतं. आणि मग काय झालं? नोंदी गाळणाऱ्या चाळणीला सांगितलं होतं की या तालाचा आवाज म्हणजे गोंगाट. तिने तो इमानदारीत पुसला. पुसून झाल्यावर साठ मीटर कोरे राहिले, आणि कोरी जागा प्रोग्राम शेजारच्या आकड्यांवरून भरून काढतो. दोन्हीकडचा दगड भक्कम होता. म्हणून मधलाही भक्कम ठरला, आणि भक्कम ठरला म्हणून सानिकाने त्याच्यावर घरं बसवली. बावीस ते अडतीस. सतरा घरं.

“मॅडम, पण तेव्हा तुम्हीच…” फरहाना म्हणाली.

“हो. मीच.”

तिने मंडळाच्या कारखानीस साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त वरच्यांना उत्तरं द्यायची भीती वाटायची, आणि अशी माणसं वाईट माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात.

“ढोलावरून सतरा घरं थांबवायची? वर काय लिहू मी, ढोल?”

“खाली पोकळी आहे, सर.”

“असेल. किंवा नसेल. शंकाच आहे ना? नवी मोजणी पावसाळ्यानंतर करू. हैदराबादहून यंत्र यायला दोन महिने लागतात. तुम्ही सतरा रोखलीत तर फाइलच परत जाईल आणि बेचाळीस कुटुंबं पावसाळ्यात भेगेखाली राहतील. ते चालेल तुम्हाला? तुमचे वडीलही त्यातच आहेत ना?”

सानिकाने फोन ठेवला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. खाली फाटलेला डोंगर, वर पोकळ कातळ, मध्ये पाच आठवडे. त्यानंतर सड्यावर ताशी शंभर मिलिमीटर कोसळतं, आणि ज्या भुयाराच्या छतावर आजवर कोणी ढोलसुद्धा वाजवत नव्हतं त्याच्यावर आता सतरा घरांचं ओझं होतं.

शंका आहे म्हणतात, तर शंका मिटवायला हवी. हैदराबादचं यंत्र करतं तरी काय? एका जागी, एका तालात, बराच वेळ जमिनीला ठोके देतं.  सानिका आणि फरहानाला एकच गोष्ट सुचली होती, आणि सानिका अण्णांना शोधायला निघाली.

“खुळी झालीस काय गो?” अण्णा म्हणाले. “तितं वाजवू? मी?”

“अण्णा, खाली पोकळ असलं तर ते आत्ता कळायला हवं. पावसात नको.”

“तू बोललेलीस दोरीनं आयकलं म्हनून.”

“ऐकलं होतं. मीच पुसायला लावलं. तुमचा ढोल ओळखला आणि पुसायला लावलं.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. लहानपणी ती शाळेतून नापास होऊन आली तेव्हा त्यांनी असंच पाहिलं होतं, आणि मग न बोलता जेवायला वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ढोल घेऊन आले. काळ्या धोंडीपाशी नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, आजवर जे कुनी केलं नाय ते माज्या हातनं होतंय. पोरीच्या चुकीपायी होतंय. सांभाळून घे, आनि खाली जो कोन हाय त्याला सांग, ह्यो उठवायचा ढोल न्हवं, इचारायचा हाय.”

मग एकोणतिसाव्या घरासमोर, तुळशीपासून दोन पावलांवर, त्यांनी टिपरी उचलली.

पहिले चार-पाच ठोके नुसतेच वाजले. आठव्या-नवव्याला सानिकाला तळपायांना काहीतरी जाणवलं. ढोल थांबला की आवाज थांबायला हवा, तो एक क्षण उशिरा थांबत होता. अण्णांनाही ते कळलं. आयुष्यभर ज्याने त्या कातड्यावर हात ठेवला त्याला दुसरा ढोल वाजतोय हे सांगावं लागत नाही. त्यांनी ताल वाढवला नाही, सोडलाही नाही. फरहानाने केबिनच्या दारातून हात वर केला तेव्हाच ते थांबले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी ढोल खांद्यावरून उतरवून काखेत धरला.

फरहानाने पडदा सानिकाकडे वळवला. भुयार आता स्पष्ट दिसत होतं. सतरा घरांखालून गेलेलं, छताची जाडी कुठे पंधरा फूट तर कुठे जेमतेम चार.

“आणि मॅडम, हे बघा. भुयाराचं एक टोक खालच्या पऱ्याकडे जातं. दुसरं इकडे, पूर्वेला. फुलांच्या माळाखाली.”

फुलांचा माळ म्हणजे मोकळ्या जमिनीतला सगळ्यात देखणा एकर. नकाशावर सानिकाने त्याला तेच नाव दिलं होतं, लोकांना आवडावं म्हणून. सत्तर एकरांत सर्वांत जास्त पाणी पिणारा तुकडा तो. आता कळत होतं की तो पितो ते पाणी थेट या भुयाराने पऱ्याला जातं. तोंड तिथे, घसा इथे.

“तिथला दगड कसा आहे?” सानिकाने विचारलं.

“भक्कम. भेगा आहेत, पण पोकळी नाही. घरं उभी राहतील. बाकी भक्कम जागा आहे ती कड्याच्या अगदी काठावर, तिथे शक्यच नाही.”

दोन यंत्रं लावली तर चार दिवसांत दोन घरं. सतरा घरांना पाच आठवडे. सानिकाने डोक्यात हिशेब मांडला आणि तिच्या जिवात जीव आला. मग त्या सुटकेचीच तिला भीती वाटली.

“पाणी तिथून आत शिरतं, हे आज सभेत काढायला नको,” ती म्हणाली. “आधी घरं होऊ देत.”

फरहानाने नोंदी जपून ठेवल्या. तिचं मत कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी सहाणेवर सभा भरली. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा. गावाला खोटं बोलायचं असलं तर या जागी बोलत नाहीत. सानिकाने उभं राहून सगळं सांगितलं. ढोल तिने ओळखला, तिने पुसायला लावला, चूक फरहानाची नाही आणि यंत्राचीही नाही. सतरा घरांत कोणी राहायला जायचं नाही. कोणी ओरडलं नाही. एक बाई नुसती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून तशीच राहिली. सानिकाला वाटलं, कोणीतरी ओरडावं.

“यावर उपाय आहे,” ती घाईने म्हणाली. “पूर्वेचा एक एकर आपण मोकळ्या जमिनीतून सोडवला, तर पावसाआधी सतरा घरं उभी राहतील. तिथला दगड भक्कम आहे. फक्त सगळ्यांचे अंगठे लागतील. आजच.”

आता लोकांत जरा चैतन्य आलं. एकोणसाठातला एक गेला, कुठे बिघडलं? यंत्र हातोहात फिरू लागलं. अण्णांनी अंगठा ठेवला, या खेपेला मधेच कुठेतरी, मान खाली घालून. तीस झाले, पस्तीस झाले, एक्केचाळीस झाले. सुलूकाकींसमोर यंत्र आलं तेव्हा त्यांनी हात पदराखालून काढलाच नाही. त्यांचं घर तिसरं, सहाणेच्या अलीकडचं. त्यांना काहीच धोका नव्हता.

“काकी, सतरा घरांचा प्रश्न आहे.”

“मना मोजता येतं. येकच इचारते. तो एकर मोकळा कशाला ठेवलेलास?”

 ‘फुलांसाठी.’ सानिकाला एवढंच म्हणायचं होतं. नकाशावर तसंच लिहिलेलं होतं, खोटंही ठरलं नसतं. पाच आठवड्यांत अण्णांना घर मिळालं असतं. पऱ्या काही उद्या आटणार नव्हता. आटता आटता दहा वर्षं गेली असती, तोवर कोण कुठे आणि कोणाला आठवतंय. तिने अण्णांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, ते तिच्या पायांखालच्या चौथऱ्याकडे बघत होते.

“पाणी तिथून आत जातं,” ती म्हणाली. “पऱ्याचं सगळं पाणी. मला सकाळपासून माहीत होतं. मी सांगितलं नाही.”



“मंग नाय,” सुलूकाकी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “त्या एकरापायी माजं आंगण गेलंय. रातांब्याचं झाड सोडलं मी, ते काय कुनाच्या घराखाली घालायला? आज सतरा घरं उभी ऱ्हातील आनि माजी नातवंडं हंडे घेऊन फिरतील. तूच सांगितलंस ह्ये, हितंच उभी ऱ्हाऊन. तवा मना पटलं नव्हतं. आता पटलंय, तर तू फिरलीस.”

सानिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याच शब्दांनी तिला उभं कापलं होतं, आणि त्यात एक अक्षरही चूक नव्हतं. तिने घातलेलं कुलूप तिच्यावरच लागलं होतं, आणि ते लागायलाच हवं होतं, हेही तिला त्याच क्षणी कळत होतं. पण अण्णांचं काय? आणखी सोळा घरांचं काय?

अण्णा उठले. एका अंगठ्याने काम अडलेलंच होतं, त्यांना काही करायची गरज नव्हती. तरी ते अंगठ्याचं यंत्र सांभाळणाऱ्या फरहानासमोर जाऊन उभे राहिले.

“माजाबी पूस,” ते म्हणाले.

त्यांच्यामागून आणखी काही जण उठले. सगळे नाही. भुयारावरच्या सतरा घरांतले चौघे रागाने निघून गेले आणि त्यांचा राग बरोबर होता. बाकीच्यांत काळोख पडेपर्यंत बोलणं चाललं. पंचवीस घरं, बेचाळीस कुटुंबं, चार महिन्यांचा पाऊस. भिंतीला भिंत लावून बांधलेली घरं, एकेका घरात तीन खोल्या. कोणी कोणाकडे जायचं याच्यावर दोन भांडणं झाली, एक जुनी भाऊबंदकी निघाली. सुलूकाकींनी फक्त एवढंच सांगितलं, “अनंता, तुज्या तुळशीला घेऊन माज्याकडं ये. दिवाळीनंतर बघू कुठली जमीन शोधायची ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सानिकाने भूमी-दाखल्यावर पंचवीस घरांपुढे सही केली. सतरा घरांपुढे ‘अयोग्य’ लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘खाली भुयार. गावच्या ढोलाने तपासले.’ कारखानीस साहेब फाइल परत पाठवतील की पुढे ढकलतील, ते तिला ठाऊक नव्हतं. तिची नोकरी राहील की नाही, तेही ठाऊक नव्हतं. पावसाला पाच आठवडे होते, आणि डोंगराची भेग रोज थोडी थोडी रुंद होत होती.

कागद पाठवून ती एकोणतिसाव्या घराकडे गेली. अण्णा कुंडी उचलत होते.

“द्या, मी घेते.”

“नको. जड हाय.” त्यांनी कुंडी उचलून काखेत धरली, ढोल धरतात तशी, आणि कोऱ्या घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. त्या दाराला अजून तोरणही लागलं नव्हतं. “चल.”

“अण्णा, मी…”

त्यांनी मोकळा हात वर करून तिला गप्प केलं. मग ते पावलं हलकी टाकत चालू लागले. सानिका त्यांच्यामागे तशीच पावलं टाकत निघाली, आणि काळी धोंड मागे पडेपर्यंत दोघंही बोलले नाहीत.